वर्डप्रेस जुनं की नवं? चप्पल लाइनीतल्या मामांच्या साइटवरून समजून घ्या

मागं एकदा कोल्हापुरातल्या चप्पल लाइनीतले (चपलांच्या बाजारातले) एक मामा आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात आले, हातात मोबाईल, मोबाईलवर व्हिडिओ मधेच थांबवलेला. म्हणाले, "हे बघ, ह्यो माणूस म्हणतोय अ‍ॅपिअरन्समधी जावा आन् कस्टमाइज दाबा. माझ्यात कस्टमाइजच न्हाई. मला अर्धंच वर्डप्रेस दिलंय का काय कुणी?"

वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. अर्ध दिलेलं नव्हतं, उलट नवीन दिलेलं. व्हिडिओ जुन्या वर्डप्रेसचा आणि मामांच्या पोरानं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेताना एका क्लिकवर टाकलेलं वर्डप्रेस नवं, त्यामुळं व्हिडिओतलं एकही बटण जागेवर सापडेना. नवीन शिकणारी पन्नास टक्के माणसं इथंच कंटाळून सोडून देतात असा माझा अंदाज आहे, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहूया. मी ही कामं रोज करतो त्यामुळं काही ठिकाणी माझं मत पण येईल, ते मत म्हणूनच घ्या.

आधी थोडा इतिहास, त्याशिवाय गुंता सुटत नाही. वर्डप्रेस २००३ ला आलं आणि पुढं पंधरा वर्षं लिहायची जागा साधारण तशीच राहिली, वर बटणांची पट्टी, खाली एक मोठा पांढरा चौकोन, त्यात टायपायचं. ६ डिसेंबर २०१८ ला ५.० व्हर्जन आलं आणि त्या चौकोनाच्या जागी ब्लॉक एडिटर आला, म्हणजे परिच्छेद, फोटो, तक्ता असा प्रत्येक तुकडा वेगळा ब्लॉक, त्यालाच गुटेनबर्ग म्हणतात, छपाईवाल्या गुटेनबर्गच्या नावावरून. मग जानेवारी २०२२ ला ५.९ आलं आणि ब्लॉक फक्त लेखापुरते राहिले नाहीत, हेडर (पानाची वरची पट्टी), फूटर (खालची पट्टी), मेनू सगळंच ब्लॉकमधून करायची सोय झाली.

म्हणजे बदल एकदा नाही, दोनदा झालाय. एकदा लिहायच्या जागेत आणि एकदा थीममधे, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्यात. आणि लोक विचारताना एकच प्रश्न विचारतात, "जुनं चांगलं की नवं?" दोन वेगळे प्रश्न आहेत हे. लिहायची जागा जुनी की नवी हा एक, थीम जुन्या पद्धतीची की नव्या पद्धतीची हा दुसरा. पहिला चुकला तर दोन मिनिटात मागं येता येतं. दुसरा चुकला तर घाम निघतो. एडिटर बदलणं म्हणजे दुकानातलं कपाट हलवणं, थीम बदलणं म्हणजे गाळाच बदलणं.

पहिलं काम: तुमच्याकडं नक्की काय आहे ते बघा

साइटच्या अ‍ॅडमिनमधे लॉगिन करा आणि डाव्या बाजूच्या काळ्या पट्टीत अ‍ॅपिअरन्सवर माउस न्या. तिथं कस्टमाइज, विजेट्स, मेनूज असं दिसलं तर थीम जुन्या पद्धतीची, म्हणजे क्लासिक थीम. तिथं नुसतं थीम्स आणि एडिटर एवढंच दिसलं तर ब्लॉक थीम. कधी कधी एखाद्या प्लगिनमुळं (वरून जोडलेल्या जादा सोयीमुळं) ब्लॉक थीम असून पण कस्टमाइज दिसतं, त्यामुळं एडिटर हा शब्द आहे का ते बघा, तो असला की ब्लॉक थीम. फक्त "थीम फाइल एडिटर" म्हणून एक वेगळंच असतं, तो हा नव्हे, त्यात कोड असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता पोस्ट्समधे जाऊन नवीन पोस्ट उघडा. एक मोठा चौकोन आणि वर "अ‍ॅड मीडिया" बटण, उजवीकडं व्हिज्युअल आणि टेक्स्ट (नव्या व्हर्जनमधे कोड) असे दोन टॅब दिसले तर जुना एडिटर. पांढरं पान आणि वर डावीकडं अधिक चिन्ह दिसलं तर नवा.

मामांच्याकडं दोन्ही नवं निघालं. बऱ्याच जुन्या साइटवर एडिटर नवा आणि थीम जुनी अशी मधलीच अवस्था असते आणि खरं सांगायचं तर ती अवस्था काही वाईट नाही, त्यावर पुढं बोलू.

अजून एक, वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग ह्यात गल्लत करू नका. ऑर्गवरून सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि होस्टिंग तुमचं तुम्ही घ्यायचं, कॉमवर जागा पण तेच देतात आणि प्लॅनप्रमाणं पैसे. मी इथं बोलतोय ते स्वतः होस्टिंग घेतलेल्यांबद्दल.

बॅकअप, आणि हे टाळू नका

काहीही बदलायच्या आधी पूर्ण बॅकअप घ्यायचा. पूर्ण म्हणजे डेटाबेस (लेख आणि सेटिंग साठवतात तो) पण आणि फाइली पण. टूल्समधलं एक्सपोर्ट दाबलं की एक फाइल उतरते आणि लोकांना वाटतं झाला बॅकअप, पण त्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंच्या नुसत्या लिंका असतात, साइट गेली की त्या लिंका पण गेल्या. अपड्राफ्टप्लस सारखं प्लगिन टाका, फुकट व्हर्जनमधे पण काम होतं, आणि बॅकअप गुगल ड्राइव्हला पाठवा. २०१९ च्या पुरात शाहूपुरीत आमच्या एका ओळखीच्यांच्या दुकानात पाणी शिरलं, कॉम्प्युटर आणि बॅकअपची हार्डडिस्क दोन्ही एकाच टेबलाखाली. त्याच्या पुढं मी काही सांगत नाही.

मग खेळून बघा, पण स्वतःच्या साइटवर नाही

हे मला स्वतःला उशिरा कळलं. वर्डप्रेस प्लेग्राउंड म्हणून एक सोय आहे, ब्राउझरमधेच अख्खं वर्डप्रेस चालू होतं, होस्टिंग नको, डोमेन नको, पैसे नकोत. त्यात व्हर्जन पण निवडता येतं. दोन टॅब उघडा, एकात आहे तसंच ठेवा, दुसऱ्यात क्लासिक एडिटर नावाचं प्लगिन टाका आणि दोन्हीकडं तेच पान बनवून बघा. टॅब बंद केला की सगळं गेलं असं धरूनच चाला, तिथं खरं काम करत बसू नका.

पान कुठलं बनवायचं? "आमच्याविषयी" नको, ते दोन्हीकडं सोपंच जातं. असं पान घ्या ज्यात तुमचं खरं दुखणं आहे. मामांच्या बाबतीत ते होतं मापाचा तक्ता. कापशी, बक्कलनाली, पुकरी असे चपलांचे प्रकार, प्रत्येकाचा फोटो, शेजारी माहिती, खाली मापं.

जुन्या एडिटरमधे फोटो डावीकडं आणि मजकूर उजवीकडं हे कसंबसं होतं, पण मोबाईलवर उघडलं की फोटोच्या बाजूला एकेक शब्दाची शिडी लागते. तक्ता करायला तर बटणच नाही, एक तर प्लगिन टाका नाही तर वर्डमधून चिकटवा, आणि वर्डमधून चिकटवलं की सोबत कचरा पण येतो. नव्यात "मीडिया अँड टेक्स्ट" नावाचा ब्लॉक घेतला, फोटो टाकला, लिहिलं, मोबाईलवर आपोआप एकाखाली एक. तक्त्याचा ब्लॉक वेगळा, रांगा किती, रकाने किती विचारतो, झालं. हे सगळं मामांनी माझ्यासमोर पाऊण तासात केलं आणि मामा कॉम्प्युटरवाले नाहीत.

पण लगेच दुसरी बाजू पण बघा. मामांनी माहिती लिहिताना पत्ता टाकला, दुकान नंबर, एंटर, रस्ता, एंटर, कोल्हापूर, एंटर. प्रत्येक एंटरला नवीन ब्लॉक, मधे मोठी मोठी गॅप. "आरं ह्यो पत्ता हाय का नोटिशीचा बोर्ड?" शिफ्ट दाबून एंटर मारायचं म्हणजे त्याच ब्लॉकात खालच्या ओळीवर जातं. जुन्या एडिटरला पण हेच होतं खरं तर, पण तिथं गॅप दिसली तरी माणूस घाबरत नाही, इथं प्रत्येक ओळीला निळी चौकट आणि वर तरंगणारी पट्टी बघून माणूस दचकतो.

नव्या एडिटरमधे पहिल्या दिवशी तीन गोष्टी शिका, बाकीचं हळूहळू येतं. एक, रिकाम्या ओळीवर तिरकी रेघ टाइप केली की ब्लॉकची यादी येते, अधिक चिन्ह शोधत बसायला नको. दोन, वर डावीकडं पायऱ्यांसारख्या तीन रेघांचं बटण आहे, लिस्ट व्ह्यू, त्यात पानातले सगळे ब्लॉक एकाखाली एक दिसतात, कुठला कशाच्या आत आहे ते कळतं, आणि जेव्हा एखादी गोष्ट सिलेक्टच होत नसते तेव्हा हेच वाचवतं. तीन, रिव्हिजन्स. जुन्यात पण होत्या, नव्यात पण आहेत, काल पान कसं होतं ते परत आणता येतं, त्यामुळं बिघडवायला घाबरू नका.

आणि एक मेसेज येईल कधी तरी, "ह्या ब्लॉकमधे अनपेक्षित किंवा चुकीचा मजकूर आहे" अशा अर्थाचा इंग्रजीत, खाली "अटेम्प्ट रिकव्हरी" बटण. बहुतेक वेळा कुणीतरी कोडमधे हात घातलेला असतो. बटण दाबा, बहुतेक वेळा दुरुस्त होतं. फोन करू नका.

जुन्या लेखांचं काय होतं

हा प्रश्न ज्यांची आधीपासून साइट आहे त्यांच्यासाठी. घाबरायचं कारण नाही, जुने लेख उडत नाहीत. जुना लेख नव्या एडिटरमधे उघडला की तो सगळाच्या सगळा "क्लासिक" नावाच्या एकाच ब्लॉकमधे दिसतो. तसाच ठेवला तरी चालतो. वर "कन्व्हर्ट टू ब्लॉक्स" दाबलं तर त्याचे तुकडे होतात, परिच्छेद वेगळे, फोटो वेगळे. साध्या लेखाला काही होत नाही, पण ज्यात तक्ते, एम्बेड, कुणीतरी हातानं लिहिलेला कोड आहे तिथं एकेक लेख उघडून डोळ्यांनी बघत करा.

उलट्या दिशेनं पण जाता येतं, कारण ब्लॉकची माहिती त्याच मजकुरात लपलेल्या खुणा म्हणून साठवलेली असते. जुन्यात उघडलं की मजकूर दिसतो, खुणा फक्त टेक्स्ट (किंवा कोड) टॅबमधे दिसतात. फक्त रकाने वगैरे केलेले असतील तर जुन्यात एडिट करून सेव्ह करताना त्यांची वाट लागू शकते.

खरा त्रास तिसऱ्याच ठिकाणी असतो. नवीन ब्लॉक यायच्या आधी आणि नंतर पण लोक बाहेरचे पेज बिल्डर, म्हणजे पानाची मांडणी करायची वेगळी प्लगिनं, वापरायचे. त्यातला एक वापरलेली साइट माझ्याकडं आली, मालक म्हणाले ह्याचं वार्षिक बिल परवडत नाही, काढून टाक. मी प्लगिन बंद केलं आणि साइट उघडली तर सगळ्या पानांवर चौकटी कंसातले इंग्रजी शब्दच शब्द, मजकूर मधे कुठंतरी अडकलेला. बावीस पानं हातानं परत केली, तीन रात्री गेल्या. त्यामुळं "नव्यात जाऊ का" विचारण्याआधी साइट नक्की कशानं बनवलीय ते बघा, पेज बिल्डर असेल तर हा लेख तुमच्या कामाचा अर्धाच आहे.

आता थीम

क्लासिक थीममधे कस्टमाइज उघडायचं, डावीकडं मोजके पर्याय, लोगो, रंग, मेनू, उजवीकडं साइट दिसते. थीमवाल्यानं दिलंय तेवढंच बदलता येतं. हीच तिची अडचण आणि हीच तिची चांगली बाजू. मालकाला हेडर मोडताच येत नाही!

ब्लॉक थीममधे सगळं हातात मिळतं. हेडर उघडा, लोगो उजवीकडं न्या, खाली पट्टी टाका, काय वाट्टेल ते. मेनू पण आता नेव्हिगेशन नावाचा ब्लॉक झालाय, जुन्या व्हिडिओत मेनूज म्हणून वेगळं पान दाखवतात ते इथं शोधत बसू नका. विजेट्सचं पण तेच, साइडबार हवा असेल तर ब्लॉकनंच करायचा. रंग आणि फॉन्ट एकदम सगळ्या साइटला बदलायचे असतील तर एडिटरमधे स्टाइल्स आहे. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ पासून स्टाइल्सच्या पण रिव्हिजन्स आल्यात, त्याच्या आधी रंगांचा खेळ करून फसलं की आठवून आठवून परत लावायला लागायचं.

मामांनी दुसऱ्याच दिवशी हेडर उडवला. मोबाईलवरून लॉगिन करून फोन नंबर बदलायला गेले आणि हेडरमधल्या ब्लॉकांचा अख्खा ग्रुपच डिलीट. म्हणून सांगतो, साइट मालकाच्या हातात द्यायच्या आधी हेडर-फूटरच्या ब्लॉकवर तीन टिंबं दाबून लॉक करा, हलवणं आणि काढणं दोन्ही बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि जो मजकूर पाच पानांवर तोच आहे, दुकानाची वेळ, फोन, सुट्टीचा दिवस, तो सिंक्ड पॅटर्न (परत परत वापरायचा ब्लॉकांचा संच) करून ठेवा. एकीकडं बदलला की सगळीकडं बदलतो. नुसता पॅटर्न घेतला तर तसं होत नाही, ती फक्त कॉपी असते, हे नावातल्या फरकावरून पटकन लक्षात येत नाही आणि मग दिवाळीत एका पानावर दुकान चालू आणि दुसऱ्यावर बंद.

मराठी साइट असेल तर हे वाचाच

व्हिडिओत कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

साइटची भाषा सेटिंग्ज, जनरलमधे मराठी करा, पण युजर्समधे तुमच्या प्रोफाइलला भाषा इंग्रजी ठेवा. साइट मराठी, अ‍ॅडमिन इंग्रजी. ही सोय ४.७ पासून आहे. कारण सरळ आहे, शिकायचे व्हिडिओ सगळे इंग्रजी मेनूचे, आणि मराठीत केलेली बटणं व्हिडिओशी जुळवत बसणं म्हणजे डबल डोकेदुखी.

मजकूर छपाईवाल्याकडून आला असेल तर तो श्रीलिपी नाही तर कृतिदेव असल्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधे असण्याची दाट शक्यता. एडिटर जुना असो नवा असो, चिकटवला की भलतीच चिन्हं दिसणार. फॉन्ट टाकून उपयोग नाही, युनिकोडमधे कन्व्हर्ट करून घ्या आणि मग जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथं हमखास घोटाळा करतो.

फॉन्टसाठी एप्रिल २०२४ च्या ६.५ मधे फॉन्ट लायब्ररी आली, ब्लॉक थीममधे स्टाइल्समधूनच मुक्ता, बालू, नोटो असले देवनागरी फॉन्ट टाकता येतात, आधी ह्याला प्लगिन नाही तर कोड लागायचा. मराठी साइटवाल्यांसाठी नव्या थीमचा मला दिसलेला हा सगळ्यात मोठा फायदा. तिथंच दोन गोष्टी बघून घ्या. लाइन हाइट (ओळींमधलं अंतर) इंग्रजीच्या मानानं ठेवलेली असते, मोठ्या हेडिंगला वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, दीडच्या आसपास करून बघा. आणि लेटर स्पेसिंग शून्य ठेवा. काही थीममधे हेडिंगची अक्षरं लांब लांब करायची फॅशन असते, इंग्रजीला ते शोभतं, मराठीत शिरोरेषाच तुटते, "कोल्हापुरी" शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

तिसरं पर्मालिंक. शीर्षक मराठीत टाकलं की पानाचा पत्ता पण मराठीत तयार होतो, दिसायला छान, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची दीड हात माळ. शिवाय आत साठवताना देवनागरीतलं एक चिन्ह नऊ जागा खातं आणि मर्यादा २०० ची आहे, म्हणजे काना-मात्रा धरून बावीस चिन्हांत संपलं, लांब शीर्षकाचा पत्ता मधेच तुटतो. पान पब्लिश करायच्या आधी उजवीकडच्या पट्टीत स्लगमधे (पत्त्यातलं पानाचं नाव) इंग्रजी अक्षरात छोटं नाव द्या. जुन्या एडिटरमधे हे शीर्षकाच्या खालीच दिसायचं, ते मला अजून जास्त बरं वाटतं.

दुकान असेल, पैसे घ्यायचे असतील

वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगिन) वापरत असाल तर तिथं पण जुनं-नवं आहे. २०२३ च्या शेवटापासून नव्या दुकानांना कार्ट आणि चेकआउट ब्लॉकचंच मिळतं, त्याआधी शॉर्टकोड (चौकटी कंसातला छोटा कोड) असायचा. नवं चेकआउट दिसायला सुटसुटीत आहे, पण पेमेंटचं प्लगिन त्याला जुळणारं पाहिजे. एका साइटवर आम्ही सगळं लावलं, टेस्ट ऑर्डर टाकली तर यूपीआयचा पर्यायच दिसेना, प्लगिन चालू, सेटिंग बरोबर, दोन दिवस शोधत होतो. ते प्लगिन जुन्या चेकआउटपुरतंच लिहिलेलं होतं. चेकआउट ब्लॉक काढून तिथं जुना शॉर्टकोड टाकला आणि पाच मिनिटात यूपीआय हजर. तर पेमेंटवाल्याला आधीच विचारा, ब्लॉक चेकआउट चालतं का.

मग घ्यायचं कुठलं

आज कोरी साइट सुरू करत असाल तर दोन्ही नवं घ्या, सरळ. ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह ही सोबत येणारी थीम शिकायला पुरेशी आहे. उगाच जुनं शिकून परत नवं शिकायचं कशाला.

साइट आधीची असेल, थीम चालू असेल, लोक त्यावरून माल घेत असतील तर एडिटर नवा करा आणि थीमला हात लावू नका. थीमवाल्यानं अपडेट देणं बंद केलं, किंवा होस्टिंगवर पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) नवं व्हर्जन टाकल्यावर साइट पांढरी पडायला लागली, तेव्हा थीमचा विचार करा.

आणि रोज फक्त बातम्या, लेख, कविता टाइप करणारा माणूस असेल, फोटो एक, मजकूर लांब, तर त्याला खुशाल जुना एडिटर द्या. मी माझ्या एका मास्तरांना तोच दिलाय, ते खूश आहेत. क्लासिक एडिटर प्लगिन वर्डप्रेसवाल्यांचंच अधिकृत आहे, आधी २०२१ अखेरपर्यंतच सांभाळणार म्हणाले होते, मग मुदत वाढवत गरज असेल तोवर म्हणाले. त्यामुळं उद्या बंद पडेल अशी भीती नको, पण त्यात नवीन काही येईल अशी आशा पण नको.

घरात दोघं साइट सांभाळत असतील आणि दोघांचं पटत नसेल तर प्लगिन टाकून सेटिंग्ज, रायटिंगमधे जा, तिथं युजरला एडिटर बदलू द्यायचा का विचारतात, हो करा. मग पोस्टच्या यादीत प्रत्येक लेखाखाली दोन्ही एडिटरच्या लिंका येतात, ज्याला जे पाहिजे ते. मामा नव्यात, पोरगा नव्यात, आणि हिशोब बघणाऱ्या वहिनी जुन्यात, असं चाललंय तिकडं.

बदलायच्या दिवशी

दुकानाच्या सुट्टीचा दिवस धरा, दिवाळीच्या आधीचा आठवडा नको. होस्टिंगला स्टेजिंगची सोय असेल तर साइटची कॉपी तिथं काढून सगळं आधी तिथं करा. खऱ्या साइटवर बॅकअप घेऊन मगच प्लगिनं अपडेट करा, एकेक, सगळी एकदम नाही, म्हणजे मोडलं तर कशानं मोडलं ते कळतं. मग नवी थीम चालू करा, मेनू, लोगो, फूटर बघा, पानांचे पत्ते पहिलेच आहेत ना बघा, संपर्काच्या फॉर्ममधून स्वतःलाच एक मेल पाठवा, एक खरी ऑर्डर टाका, सगळ्यात स्वस्तातली.

हे झालं की कॅशे (साठवून ठेवलेली जुनी पानं) रिकामा करा आणि ऑफिसचं वायफाय बंद करून मोबाईलच्या डेटावर साइट उघडून बघा. मामांना मी हे सांगायला विसरलो होतो, रात्री साडेदहाला फोन, "आरं अजून जुनीच दिसतीया की!"